धरणाच्या आधीही गाव सुटत होतं

नंदुरबारकडच्या एखाद्या कवीचा पहिला संग्रह हाती येतो, त्यात गाव सुटल्याची कविता असते, आणि आपण लगेच नर्मदेवरच्या धरणाकडे बोट दाखवतो. ते चूक नाही, पण अपुरं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी माणूस जमिनीवरून उठवला जाणं फार जुनं.

१८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. पुढे मोजणी झाली, रोखीचा सारा आला, जमिनी गहाण पडू लागल्या. तापीकाठची काळी जमीन भिल्लांच्या हातून सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेली. काल ज्यांचं शेत होतं ते त्याच शेतावर सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर बांधलेले गडी, म्हणून राबू लागले. १८७८च्या वन कायद्याने जंगलातलेही हक्क आक्रसले. गाव जागच्या जागी होतं, माणसं मात्र उपरी झाली. माझ्या मते या कवितेतली सर्वांत खोल जखम हीच आहे; धरणं नंतरची.

१९७२मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागणं, सालदारांची मजुरी वाढवून घेणं आणि बायकांनी पुढे होऊन दारूचे गुत्ते फोडणं, हे सगळं तिथे घडलं. वाहरू सोनवणे या चळवळीतले कार्यकर्ते. त्यांचा पहिला संग्रह ‘गोधड’ १९८७चा. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आदिवासी खाली बसलेले आहेत आणि त्यांचं दुःख स्टेजवरून दुसरेच सांगताहेत. गावातच नव्हे, स्वतःच्या दुःखातही माणूस उपरा कसा होतो, हे इतक्या साध्या शब्दांत मराठीत क्वचितच आलंय. त्यानंतर इकडच्या कुठल्याही नव्या कवीला हा प्रश्न टाळता येत नाही.

मग पाणी आलं. आधी तापीवरच्या उकाई धरणाचं, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या तापीकाठच्या गावांत. नंतर नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात गेली, त्यात पहिलं मणिबेली. कित्येक कुटुंबं तळोद्याच्या सपाटीवर वसाहतींत आली. मात्र डोंगरावरच्या गावांत नर्मदा बचाओ आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळांतून मुलं लिहू-वाचू लागली होती.

आणि एक विस्थापन दरवर्षीचं. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘कोयता’, आणि राहायला उघड्यावर पाचटाची-प्लास्टिकची कोपी. होळीला जमेल तो गावाकडे धाव घेतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी चुकवायची म्हणजे जिवावर येतं.

२००६च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही जमिनीच्या दाव्याला पुरावा धरला आहे. नव्या संग्रहात आजोबांचं, नाल्याचं, महूच्या झाडाचं नाव आलं, तर ते नुसती आठवण म्हणून वाचू नये. तो दावा आहे.