औषधप्रतिरोधी क्षयरोग आणि शरीराचे वजन

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन प्रमुख औषधांना क्षयाचे जंतू दाद देत नाहीत, तेव्हा त्या आजाराला एमडीआर टीबी म्हणतात. अशा रुग्णाला उपचार लागू पडत आहेत का, याची एक लवकर दिसणारी खूण म्हणजे त्याचे वजन. थुंकीच्या कल्चरचा (जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीचा) अहवाल निगेटिव्ह ठरवायला सहा आठवडे थांबावे लागते. वजन त्याच दिवशी कळते.

क्षयात भूक मरते, तापाने अंग झिजते, स्नायू ओसरतात. कुपोषणाने प्रतिकारशक्ती खालावली की रोग आणखी बळावतो. त्यात या आजारावरच्या इथिओनामाइडसारख्या गोळ्यांनी मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तर खाल्लेले पोटात ठरत नाही.

फिलिपिन्समधील एमडीआर रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळात कमी वजनाच्या ज्या रुग्णांचे वजन पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वाढले, त्यांच्यात उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण जास्त होते. झारखंडमधील ‘रेशन्स’ अभ्यासात २,८०० क्षयरुग्णांना तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल दरमहा दिले गेले. एमडीआर रुग्णांना वर्षभर. पाचांतले चार रुग्ण कमी वजनाचे होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाला ही वाढ फक्त २ किलोंची. एवढ्यासाठी लागणारे अन्न औषधाइतकेच वेळेवर पोचायला हवे. क्षयरुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली. घरातला कमावता माणूसच अंथरुणाला खिळला असेल, तर तीही तोकडी पडते.

मात्र वजन वाढले म्हणजे जंतू मेले, असे नव्हे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या प्रसिद्ध चाचणीत सॅनेटोरियममधल्या (क्षयरुग्णालयातल्या) रुग्णांचे वजन घरी औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले, पण बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. पायांवर सूज असेल तरीही आकडा फसवतो. म्हणून दर वेळी त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत वजन घ्यावे आणि ते कल्चरच्या अहवालाशेजारी ठेवून वाचावे. वजन घटत असेल, तर मात्र कल्चरची वाट न पाहता कारण शोधावे: औषधे चुकताहेत का, मधुमेह आहे का, उलट्या होताहेत का.

दीर्घ मुदतीच्या उपचारात अनेक औषधांचे डोस १६–२९, ३०–४५, ४६–७० आणि ७० किलोंपुढे अशा वजनगटांनुसार ठरतात. उपचारादरम्यान वजन ५ किलो किंवा अधिक बदलून गट ओलांडला गेला, तर डोसचा फेरविचार होतो.