एसव्ही२ए प्रथिन

एसव्ही२ए हे चेतापेशीच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांच्या (पिशव्यांच्या) पटलातील प्रथिन असून अपस्मारावरील लेव्हेटिरॅसिटॅम हे औषध त्यालाच चिकटते. दोन चेतापेशींमधील सिनॅप्स, म्हणजे त्यांच्या सांध्यातली अरुंद फट, ओलांडताना संदेश रसायनाच्या रूपाने जातो, आणि हे रसायन, म्हणजे चेतापारेषक, सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकांमध्ये साठवलेले असते. विद्युत संदेश टोकाशी पोहोचताच कॅल्शियमचे आयन आत शिरतात, सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्यांना प्रतिसाद देते आणि सिनॅप्टोब्रेव्हिन, सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ ही प्रथिने एकमेकांत पीळ घालून पुटिका पेशीपटलाशी एकजीव करतात. एसव्ही२ए या अखेरच्या क्रियेत थेट भाग घेत नाही. पुटिकेला त्यासाठी सज्ज ठेवण्याचे काम ते करत असावे, मात्र त्याच्या नेमक्या कार्याबद्दल एकमत झालेले नाही.

ते नसल्यास काय होते, हे १९९९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. एसव्ही२एचे जनुक निकामी केलेली पिल्ले जन्मतः धडधाकट दिसत, पण पुढे त्यांची वाढ खुंटे, त्यांना तीव्र आकडी येई आणि ती सुमारे तीन आठवड्यांत दगावत. मेंदूची रचना शाबूत होती. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात मात्र उत्तेजना आवरणाऱ्या गाबा या पारेषकाचे संदेश क्षीण झाले होते.

औषधाचा शोध याच्या आधीचा, आणि तोही जवळजवळ हुकलेला. विजेच्या झटक्याने वा पेंटिलीनटेट्राझोल या रसायनाने आकडी आणण्याच्या रूढ चाचण्यांत लेव्हेटिरॅसिटॅम निष्प्रभ ठरले, पण मोठ्या आवाजाने आकडी येणाऱ्या उंदरांत ते गुणकारी निघाले. अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तेव्हा ते मेंदूत कशाला चिकटते हे माहीत नव्हते. २००४ मध्ये उत्तर मिळाले: एसव्ही२ए नसलेल्या मेंदूत औषध चिकटतच नाही, आणि त्याच्याशी साधर्म्य असणारी संयुगे या प्रथिनाला जितकी घट्ट चिकटतात तितकी ती आकडी अधिक रोखतात. अशा पुराव्याचे मोल मोठे, कारण अपस्मारावरील बरीच जुनी औषधे आयनमार्गांवर, म्हणजे पेशीपटलातील आयनांच्या वाटांवर, काम करतात. पुटिकेवरचे लक्ष्य ही वेगळीच वाट होती. याच प्रथिनाला अधिक घट्ट चिकटणारे ब्रिव्हारॅसिटॅम २०१६ मध्ये वापरात आले.

लेव्हेटिरॅसिटॅम मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या विकारात मात्रा कमी करावी लागते. काही रुग्णांत चिडचिड व उदासी वाढते. घरच्यांनी ती डॉक्टरांच्या कानावर घालावी, औषध परस्पर बंद करू नये, कारण एकाएकी थांबवल्यास आकडी पुन्हा उफाळू शकते.