भोपळा कधी फुटणार?

एप्रिल २०१९. बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्स मैदानावर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा ख्रिस डेव्हिस बॅट घेऊन उतरतो आणि त्याच्याच संघाचे चाहते त्याची हुर्यो उडवतात. नवा हंगाम सुरू झाला, पण त्याचा भोपळा काही फुटलेला नाही, म्हणजे बेसवर सुखरूप पोचवणारा एकही फटका (हिट) बसलेला नाही. आदल्या हंगामातले शेवटचे २१ प्रयत्नही कोरेच गेले होते. १३ एप्रिलला बोस्टनमध्ये ही कोंडी फुटली, तोवर आकडा ५४ वर पोचला होता. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, सोडले तर मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये कोणाही खेळाडूचे सलग इतके प्रयत्न वाया गेल्याची नोंद नाही. आधीचा विक्रम ४६ चा होता.

हा कोणी भरतीचा खेळाडू नव्हता. २०१३ मध्ये त्याने ५३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले होते, २०१५ मध्ये ४७. जानेवारी २०१६ मध्ये क्लबने त्याच्याशी ७ वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. आणि २०१८ मध्ये ४७० प्रयत्नांत हिट किती? ७९. म्हणजे सरासरी ०.१६८. पूर्ण हंगाम खेळलेल्या बॅटरची इतकी कमी सरासरी आधुनिक काळात कधीच नव्हती. त्याच वर्षी संघ १६२ पैकी ११५ सामने हरला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. क्रिकेटमधली सरासरी म्हणजे दर बादमागे धावा. बेसबॉलची सरासरी म्हणजे दर प्रयत्नामागे हिट. ०.३०० असला की खेळाडू नावाजलेला, ०.२५० च्या आसपास सर्वसाधारण. म्हणजे चांगला बॅटरसुद्धा दहापैकी सात वेळा हात हलवत परततो. चाहत्याच्या वैतागाची मुळं इथेच आहेत, कारण या खेळात अपयश हीच रोजची गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की नेहमीचं अपयश कुठे संपतं आणि खरी घसरण कुठे सुरू होते.

थोडं गणित करू. ०.२५० वाला बॅटर म्हणजे चार चिठ्ठ्यांतली एक हिटची. सलग २० वेळा कोरी चिठ्ठी निघण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला नगण्य वाटते. पण हंगामात त्याला ५०० प्रयत्न मिळतात आणि अशी रांग त्यात कुठूनही सुरू होऊ शकते. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र धरून हिशेब केला, तर हंगामात एकदा तरी २० कोरे प्रयत्न सलग येण्याची शक्यता जवळपास तीनात एक निघते. नऊ जणांच्या संघात दरवर्षी दोघातिघांच्या वाट्याला असा आठवडा येणारच, आणि तोही त्यांच्या खेळात काडीचा फरक न पडता. संघ जिंकत असेल तर तो कोणाच्या डोळ्यावर येत नाही. संघ हरत असला की त्याच आठवड्यात लोक म्हणू लागतात, याला बाहेर बसवा.

या गोंधळावरचं माझं सर्वात आवडतं उदाहरण १९७० च्या हंगामातलं आहे. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी त्या वर्षीच्या १८ बॅटरांचे फक्त पहिले ४५ प्रयत्न घेतले आणि त्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज कसा बांधावा, हे तपासलं. यादीत सर्वात वर होता पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे, ४५ पैकी १८ हिट, सरासरी ०.४००. तळाशी दोघे: मॅक्स अल्विस, ७ हिट, आणि न्यूयॉर्क यांकीजचा नवखा कॅचर थर्मन मन्सन, ८ हिट, सरासरी ०.१७८.

त्यांनी वापरलेली पद्धत चार्ल्स स्टाइन या गणितज्ञाच्या कामातून आली होती. प्रत्येकाचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. सगळ्यांची मिळून सरासरी ०.२६५ होती. कोणी त्याच्या कितीही वर किंवा खाली असो, त्या अंतराचा फक्त पाचवा हिस्सा खरा धरायचा आणि बाकीचा योगायोगाच्या खात्यात टाकायचा. खेळाडूच्या कर्तृत्वावर अन्याय केल्यासारखं वाटतं ना? पण उरलेल्या हंगामाशी ताडून पाहिल्यावर या अंदाजांतली एकूण चूक, फरकांचे वर्ग करून मोजली तर, मूळ आकड्यांच्या तुलनेत साडेतीन पटींनी कमी निघाली. क्लेमेंटे पुढे ०.३४६ वर आला. आणि मन्सन? उरलेल्या हंगामात त्याने ०.३१६ ने हिट काढले आणि अमेरिकन लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

अल्विस मात्र ०.२०० च्या पुढे सरकला नाही. मे महिन्यात स्टँडमध्ये बसलेल्या माणसासाठी हे दोघे एकसारखेच होते. एकाचे सात हिट, दुसऱ्याचे आठ. कोण सावरणार आणि कोण बुडणार, हे त्या आकड्यात लिहिलेलंच नव्हतं. घाईने निकाल देणाऱ्या चाहत्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. पण आठ हिटवरून मन्सनला मोडीत काढणारा चुकला असता, हेही तितकंच खरं.

मग डेव्हिसचं काय? तिथे गर्दी बरोबर होती. ०.२५० वाल्या बॅटरचे ५४ प्रयत्न सलग कोरे जाण्याची शक्यता ५० लाखांत एकाहून कमी आहे. अगदी ०.१६८ वाला धरला तरी वीस हजारांत एक. नशिबाच्या खात्यात एवढं मावत नाही. आणि त्याच्या घसरणीची खूण आधीपासून दिसत होती, फक्त ती सरासरीत शोधायची नव्हती. चेंडू बॅटला लागला की पुढे बरंच काही क्षेत्ररक्षकाच्या पायावर आणि वाऱ्यावर असतं. मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्केच हिट ठरतात. स्ट्राइकआउटमध्ये, म्हणजे चेंडू हुकवून किंवा सोडून तीन स्ट्राइक पडून बाद होण्यात, असा तिसरा कोणी नसतो. तिथे फक्त पिचर आणि बॅटर. म्हणून स्ट्राइकआउटचं प्रमाण सरासरीपेक्षा खूप लवकर खरं बोलायला लागतं. २०१३ मध्ये, भर बहरात, डेव्हिस बॅट घेऊन १०० वेळा उतरला की ३० वेळा स्ट्राइकआउट होत असे. २०१८ मध्ये ३७ वेळा. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग आणि कोन मोजते. ताशी १५३ किलोमीटरच्या वर सुटलेला चेंडू ‘जोरदार फटका’ मानला जातो. हिट मिळत नसतानाही असे फटके बसत असतील तर धीर धरायला जागा असते. स्ट्राइकआउट वाढले आणि फटके मऊ पडू लागले तर काळजीचं कारण खरं असतं.

एवढ्या मोठ्या माणसाला चेंडू लागत कसा नाही, हा वैताग समजण्यासारखा आहे. पण चेंडू लागतो कसा, हेच खरं नवल आहे. पिचर १८.४४ मीटरवर उभा असतो, हात पुढे येऊन चेंडू सुटतो तेव्हा अंतर त्याहून कमी झालेलं असतं. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू पोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. त्यातला ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. म्हणजे मारायचं की सोडायचं हा निर्णय पाव सेकंदात. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवलं की शेवटच्या दीडेक मीटरमध्ये डोळे चेंडूचा पाठलाग करूच शकत नाहीत; बॅटर अंदाजावर खेळतो. बॅट सेकंदाच्या शंभराव्या भागाने लवकर किंवा उशिरा आली की चेंडू रेषेबाहेर.

इतकी बारीक क्रिया शरीराला बिनबोभाट करू द्यावी लागते. रॉब ग्रे या संशोधकाने २००४ मध्ये बॅटरांना आभासी चेंडू मारायला लावले आणि मध्येच विचारलं की आत्ता तुमची बॅट कुठल्या दिशेने जात होती? नवशिक्यांचं काही बिघडलं नाही. कसलेल्या खेळाडूंचे फटके मात्र बिघडले. मुरलेलं कौशल्य स्वतःच्या हाताकडे पाहू लागलं की अडखळतं. खेळाडू सूर हरवलेल्या काळात असला की बॅटच्या हालचालीकडे त्याचं लक्ष अधिक जातं, असंही ग्रेला आढळलं. म्हणजे अपयश आलं की खेळाडू हाताकडे पाहतो, आणि हाताकडे पाहिलं की अपयश वाढतं.

चाहत्यांचा राग बहुतेकदा खेळाडूवर निघतो, पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा व्यवस्थापनाचा आहे. डेव्हिसला पुन्हापुन्हा का उतरवलं गेलं? बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधली निवड तपासली. ज्यांना संघांनी वरच्या क्रमांकावर निवडलं होतं, त्यांचा खेळ बाकीच्यांइतकाच असला तरी त्यांना जास्त वेळ मैदानावर ठेवलं जात होतं. एकदा पैसा ओतला की तो वाया गेला हे कबूल करणं जड जातं. १६ कोटी डॉलरचा माणूस बाकावर बसवायला क्लबला जे धैर्य लागतं, ते नसल्याची किंमत गर्दी रोज रात्री डोळ्यांनी मोजते.

आणि ती गर्दी दूर जात नाही, हे मला फार हृद्य वाटतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांत पाहिलं की कॉलेजचा संघ जिंकला की मुलं ‘आपण जिंकलो’ म्हणतात, हरला की ‘ते हरले’. बाल्टिमोरने १९८८ मध्ये याच्या उलटं वागून दाखवलं. ओरिओल्स हंगामाचे पहिले २१ सामने सलग हरले. २ मे रोजी, २४ सामन्यांत फक्त एक विजय गाठीशी असताना, संघ घरी परतला तेव्हा मेमोरियल स्टेडियममध्ये ५० हजारांहून जास्त माणसं जमली होती. डेव्हिसवर हुर्यो उडवणाऱ्यांत त्या रात्री तिथे असलेलेही कोणी असतील, असं मला नेहमी वाटतं. ज्याचं काहीच लागत नाही, तो एवढा ओरडत नाही.

१३ एप्रिल २०१९ ला फेनवे पार्कवर, बोस्टनच्या रिक पोर्सेलोच्या चेंडूवर पहिल्याच इनिंगमध्ये डेव्हिसचा फटका उजवीकडे मोकळ्या जागेत पडला आणि दोन धावा आल्या. त्या दिवशी त्याने तीन हिट काढले. हंगाम ०.१७९ वर संपला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाल्यावर, त्याने निवृत्ती घेतली.