बिग बॉय 'मॅले' नाही, वाय६ मात्र आहे

मधे सांधा असलेलं वाफेचं अजस्र रेल्वे इंजिन दिसलं की 'मॅले' म्हणून मोकळं व्हायचं, हे आता पुरे. बिग बॉय सगळ्यांना पाठ आहे: अमेरिकेची युनियन पॅसिफिक रेल्वे, १९४१, ४-८-८-४ (पुढून मागे चाकांची मांडणी), वॉसॅच डोंगरातला १.१४ टक्क्यांचा चढ. ते मॅले नाही. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेचं वाय६, २-८-८-२, मात्र मॅले आहे.

सांधा दोघांनाही आहे. चाकांची मागची चौकट बॉयलरला पक्की, पुढची वळणावर फिरते. पण अनातोल मॅलेच्या १८८४ च्या पेटंटात सांध्याइतकीच महत्त्वाची गोष्ट होती कंपाऊंड, म्हणजे एकच वाफ दोनदा राबवणं. सांधा डोळ्यांना दिसतो, वाफेची वाट दिसत नाही. घोळ तिथेच होतो.

वाय६मध्ये ३०० पाउंड दाबाची वाफ आधी मागच्या २५ इंची सिलिंडरांत जाते. तिथून दाब उतरून निघालेली तीच वाफ पुढच्या ३९ इंची सिलिंडरांत. फुगलेल्या वाफेला जागा जास्त लागते, म्हणून ती पिंपं. यातली खरी हुशारी नळांत आहे: भर दाबाचे नळ पक्क्या चौकटीवर, हलत्या सांध्यातून जाते ती फक्त उतरल्या दाबाची वाफ. त्यामुळे गळतीची डोकेदुखी कमी. बिग बॉयच्या चारही २३¾ इंची सिलिंडरांना बॉयलरची ताजी वाफ मिळते. तिथे वाकणाऱ्या नळाला पूर्ण दाब सोसावा लागतो.

गाडी हलवताना पुढचे सिलिंडर उरलेल्या वाफेची वाट पाहत बसू शकत नाहीत. म्हणून एक झडप दाब कमी करून ताजी वाफ थेट पुढे सोडते. तेव्हा वाय६ची ओढ सुमारे १,५२,००० पाउंड. कंपाऊंडवर टाकलं की सुमारे १,२७,०००. इंजिनांच्या तक्त्यातला पहिलाच आकडा उचलून बिग बॉयच्या १,३५,३७५ शी तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

चाकं घसरली तरी फरक कळतो. वाय६ची मागची घसरली तर मधल्या नळात वाफ तुंबते आणि तिचा उलटा दाब त्यांना आवरतो. पुढची घसरली तर नळ रिता होऊन त्यांचं बळ सरतं. बिग बॉयला ही वेसण नाही, ड्रायव्हरलाच वाफ आवरावी लागते. वेगात मात्र कंपाऊंड दमतं, कारण एवढे जड दट्ट्ये तोलणं अवघड. घाटात कोळसा सावकाश चढवायचा तर माझं मत वाय६लाच.

ओळखायची खूण: पुढचे सिलिंडर ठळक मोठे, तर कंपाऊंड. ईरी रेल्वेच्या १९१४ च्या ट्रिप्लेक्सने, म्हणजे सिलिंडरांच्या तीन जोड्यांच्या इंजिनाने, ही खूण फसवली. सहाही सिलिंडर ३६ इंची, तरी कंपाऊंडच! मधल्या दोनांची वाफ पुढच्या नि मागच्या मिळून चारांत जाई. जागा आपसूक दुप्पट. मागच्या जोडीची वाफ टेंडरच्या (कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) टोकाच्या नळीतून हवेत जाई, धुराड्याला अर्धीच मिळे. धुराड्यातून सुटणारी वाफच आगीकडे हवा ओढते, त्यामुळे साहजिकच आगीला हवेची ओढ अपुरी पडे, सहा सिलिंडरांना वाफ पुरत नसे, आणि हे धूड चढावर मागून रेटा देण्यापुरतंच उरलं.