नारी सुवर्ण मेंढी

नारी सुवर्ण : दख्खनी मेंढीपासून फलटण (जि. सातारा) येथे तयार केलेली, जुळी कोकरे देणारी मेंढी. ‘नारी’ ही निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. बाईमाणसाशी त्यांचा संबंध नाही, तरी मेंढीला नाव शोभते. बनबिहारी विष्णू निंबकर (१९३१–२०२१) यांनी १९६८ मध्ये ही संस्था स्थापन केली. करडई आणि गोड ज्वारीवरील कामासाठीही ती ओळखली जाते.

नीरेच्या उजव्या कालव्याने फलटणच्या एका भागात ऊस आणला. कालव्याच्या वरच्या अंगाचा माळ मात्र मेंढरांचाच राहिला. शेजारच्या माण-खटावातही तेच चित्र. इथली दख्खनी मेंढी काटक आहे. ती मैलोन्‌मैल चालते आणि मिळेल त्या पाल्यावर तगते. तिची लोकर जाडीभरडी, घोंगड्यापुरती. घोंगड्याची मागणी घटली तसा धनगराचा संसार कोकरे विकण्यावर आला, आणि दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. अडचण होती ती इथेच.

त्यावरचा उपाय सापडला बंगालच्या सुंदरबनात. तिथली गॅरोल ही छोटीशी मेंढी दोन-दोन, तीन-तीन कोकरे देते. तिच्यात फेक-बी नावाचा जनुकीय बदल असतो. त्यामुळे एका माजात जास्त बीजांडे सुटतात. १७९२ च्या सुमारास बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमार्फत हाच बदल तिथल्या बुरूला मेरिनो जातीत पोहोचला, असे मानले जाते. तो नेमका कोणत्या जनुकात आहे हे २००१ मध्ये कळले. फलटणच्या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील संशोधक सहभागी झाले. संस्थेतील पशुसंवर्धनाची धुरा डॉ. चंदा निंबकर यांनी वाहिली.

गॅरोलचा सरळ संकर माळावर चालला नसता, कारण कोकरे किडकिडीत झाली असती आणि बाजारात ती वजनावर जातात. म्हणून संकरित मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी जुळवल्या गेल्या. गॅरोलचा जुळ्यांचा गुण घ्यायचा आणि तिचे खुजेपण मागे टाकायचे, असा तो हिशेब होता.

जास्त कोकरे म्हणजे जास्त फायदा, हे गणित मात्र फसवे आहे. या बदलाची एक प्रत (आई किंवा बाप, एकाकडूनच आलेली) असलेल्या मेंढीला बहुधा एक किंवा दोन कोकरे होतात. दोन प्रती (दोघांकडून एकेक) असतील तर तिळ्यांची शक्यता वाढते, आणि तिसऱ्या कोकराला आईचे दूध पुरत नाही. जुळ्यांसाठीसुद्धा गाभण काळात मेंढीला थोडा भरडा, चांगला चारा लागतो. चालत्या वाड्यावर, म्हणजे कळपाच्या फिरत्या मुक्कामावर, तो दरवेळी मिळतोच असे नाही. त्यामुळे दोन प्रतींचा मेंढा कळपात सोडणे सोयीचे ठरते. साध्या दख्खनी मेंढ्यांपासून त्याला होणाऱ्या प्रत्येक कोकराला एकच प्रत मिळते, आणि मेंढक्याला आपली जुनी मेंढरे विकावी लागत नाहीत.

मेंढा निवडताना मेंढके अंगलट, चाल, तोंडवळा पाहतात. सांगलीच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढ्याचे मोल तर त्याच्या बाकदार नाकावर ठरते. फेक-बी असा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कोकराचे रक्त तपासावे लागते.