टपली मारल्यावर अँप्लिफायर का बोलू लागतो?

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, तेव्हा नागपूरकरांचे लक्ष हमखास माळ्यावरच्या वस्तूंकडे जाते. यंदा आमच्याकडे वडिलांचा जुना अँप्लिफायर खाली उतरला. सुरू करताच डावा स्पीकर मुका राहिला आणि व्हॉल्यूम फिरवताना उजवा खरखरू लागला. पेटीवर एक टपली दिली तेव्हा डावाही वाजू लागला, पण पाच मिनिटांत मूळ दुखणे परतले. घरातल्या सर्वांचे निदान एकच होते : धूळ बसली असेल, फुंकर मारा. धूळ थोडाफार उपद्रव देते हे खरे. मात्र जॅकमधल्या, म्हणजे केबलची पिन आणि ती जिथे बसते ते सॉकेट यांच्या जोडातल्या, खरखरीचे मूळ बहुतेक वेळा धातूच्या पृष्ठभागावरच असते.

पिन सॉकेटमध्ये घट्ट बसली की दोन धातू एकमेकांना सर्वत्र भिडले आहेत, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कितीही गुळगुळीत केलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली सातपुड्याच्या रांगांसारखा खडबडीत दिसतो आणि अशा दोन रांगा समोरासमोर आल्या तर त्या मोजक्या शिखरांवरच टेकतात. सारी वीज त्या चिमुकल्या ठिपक्यांतून वाट काढते. विद्युत स्पर्शांचा आयुष्यभर अभ्यास करणारे रागनार होल्म यांनी या दाटीचा हिशेब मांडला : एका गोल ठिपक्याचा रोध म्हणजे धातूच्या रोधकतेला (वीज अडवण्याच्या त्याच्या अंगभूत गुणाला) ठिपक्याच्या व्यासाने भागून येणारी संख्या. पितळेची रोधकता सुमारे 7×10⁻⁸ ओहम-मीटर आणि ठिपक्याचा व्यास 20 मायक्रोमीटर धरला, तर उत्तर येते 0.0035 ओहम. अँप्लिफायरच्या इनपुटचा रोध अनेकदा 47,000 ओहम असतो, म्हणजे मध्ये चक्क 100 ओहम घुसले तरी आवाज 0.2 टक्के एवढाच घटेल आणि ते कोणत्याही कानाला कळणार नाही. स्पर्शाचा रोध नुसता वाढल्याने खरखर होत नाही. तो क्षणोक्षणी बदलतो, म्हणून ती होते.

तो बदलतो याचे कारण त्या शिखरांवर चढलेला थर. पितळेतल्या तांब्यावर ऑक्साइड जमते, चांदीच्या मुलाम्यावर सल्फाइड. थर एक-दोन नॅनोमीटर जाडीचा असेल तर इलेक्ट्रॉन त्यातून आरपार निसटतात. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) त्यांना ही मुभा देते आणि त्यासाठी त्यांना थर फोडावा लागत नाही. जाडी किंचित वाढली तरी ही मुभा झपाट्याने संपते. मग उरतो तो अर्धवाहक, ज्यात विभवांतर (विजेचा दाब) आणि धारा यांचे सरळ प्रमाण राहत नाही. याच तांब्याच्या ऑक्साइडपासून 1920 आणि 1930च्या दशकांत एकदिशकारक, म्हणजे धारेला एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, बनवले जात, यावरून त्याचा स्वभाव कळावा. भिंतीवरच्या प्लगमध्येही असे थर असतात, परंतु 230 व्होल्टचा दाब त्यांना भेदून जातो. टेपरेकॉर्डरकडून येणारा संकेत जेमतेम 0.3 व्होल्टचा आणि रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणारा तर साधारण 5 मिलिव्होल्टचा; त्याच्या अंगी थर फोडण्याचे बळ नसते. तेव्हा स्पीकरच्या हादऱ्याने एखादे शिखर टेकले की मार्ग उघडतो, सरकले की बंद होतो आणि ही उघडझाप आपल्याला खरखर म्हणून ऐकू येते. टपलीने आपण शिखरांची नवी जोडी जुळवून देतो, एवढेच.

या दोषाचा एकेकाळी रेडिओलहरी टिपणारे उपकरण म्हणून उपयोग झाला होता, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. 1890 मध्ये फ्रान्सच्या एदुआर ब्रान्ली यांनी काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस जवळच्या ठिणगीमुळे एकाएकी वाहक होतो, हे दाखवले. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी किसाऐवजी स्प्रिंगांच्या स्पर्शबिंदूंचा वापर करून त्यात सुधारणा केली. रेडिओलहर आली की किसावरचे थर भेदले जात आणि कीस चिकटून राही, म्हणून पुढची लहर टिपण्याआधी छोट्या हातोडीने नळीला टपली मारावी लागे.

आपल्या शहराची हवा थराला पोषक आहे. सांडपाणी कुजताना सुटणारा हायड्रोजन सल्फाइड नाग नदीच्या काठी राहणाऱ्यांच्या नाकाला परिचित आहे आणि पावसाळ्याच्या दमटपणात चांदीला काळी करतो तो हाच. उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी असली तरी कूलर खोलीत ओलावा भरतो. शिवाय तापमान 20 अंशांनी बदलले की 10 मिलिमीटर लांबीची पितळी पिन सुमारे 4 मायक्रोमीटरने लांब-आखूड होते. रोजच्या या घासाघाशीत ऑक्साइडची भुकटी तयार होते आणि स्पर्शाच्या जागीच साचते.

स्वच्छतेचा पहिला उपाय फुकटाचा आहे : उपकरणाची पिन भिंतीतून काढून ठेवावी आणि केबलची पिन सॉकेटमध्ये पंधरा-वीस वेळा आत-बाहेर, गोल फिरवत करावी. त्या घर्षणाने थर खरवडला जातो. त्यानंतर कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत उपकरण सुरू करू नये, कारण ते ज्वालाग्राही आहे. चिंचेने तांब्याचे भांडे लखलखते, कारण आम्लात ऑक्साइड विरघळते. पण भांडे आपण नंतर धुतो, सॉकेट धुता येत नाही, आणि मागे उरलेले आम्ल पुढे धातूच खात बसते. पॉलिशपेपर तर घेऊच नये. काही मायक्रोमीटरचा मुलामा त्याने कायमचा जातो. सोन्याच्या मुलाम्याच्या हजारो रुपयांच्या केबलींविषयी एवढेच म्हणता येईल की सोने काळे पडत नाही हे सत्य आहे, पण समोरचे सॉकेट गंजलेले असेल तर सोन्याचा उपयोग शून्य; आणि केबलवर छापलेला दिशादर्शक बाण पाहून आवाज 'खुलतो' असे सांगणाऱ्यांना डोळे बांधून ऐकायला बसवावे.

माझा डावा स्पीकर हेडफोनच्या जॅकमुळे मुका होता. हेडफोन लावताच स्पीकरची जोडणी तोडणारी स्प्रिंगची पट्टी त्यात असते आणि वर्षानुवर्षे न हललेल्या तिच्या टोकावर थर चढला होता. उजवीकडची खरखर मात्र व्हॉल्यूम फिरवतानाच येत होती आणि अल्कोहोलने ती तसूभरही हटली नाही. मीटर लावला तेव्हा व्हॉल्यूम कंट्रोलच्या कार्बनपट्टीवर एकदिश दाब सापडला. कंट्रोलच्या आधी जोडलेला कंडेन्सर गळत होता, म्हणजे जो एकदिश दाब त्याने अडवायचा तोच पुढे सोडत होता. पट्टीवर असा दाब असला की ती कितीही स्वच्छ असो, फिरवताना खरखरणारच. इतवारीच्या बाजारातून नवा कंडेन्सर आणून बसवला.