टेकडी राखणाऱ्याचा मिळकतकर

पुण्यात टेकड्यांवरच्या खासगी जमिनींचा विषय निघाला की गाडी बीडीपी (टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण) आणि टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) यांवर येऊन थांबते. जमीन स्वतःकडेच ठेवून, तिच्यावर एक वीटही न रचता जो मालक ती राखतो, त्याला करात काय सवलत द्यायची, हा प्रश्न मागेच राहून गेला.

१९८७ च्या विकास आराखड्याने जुन्या हद्दीत डोंगरमाथा-डोंगरउतार झोन आणला. तिथे ४ टक्के बांधकामाची मुभा होती आणि जमीन मालकाचीच राहत होती. १९९७ मध्ये गावे महापालिकेत आली, त्यातली २३ टिकली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर झोनऐवजी बीडीपीचे आरक्षण पडले. आरक्षण म्हणजे जागा पुढेमागे ताब्यात घ्यायची, मोबदला द्यायचा. तोवर सातबारा मालकाच्या नावावर आणि बांधायला बंदी. बावधन, वारजे, आंबेगाव इथल्या मालकांची वर्षे या अवस्थेत गेली.

ऑगस्ट २०१५ मध्ये राज्याने बीडीपी मंजूर केले आणि मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर. एकराच्या ४० गुंठ्यांमागे जेमतेम सव्वातीन गुंठे! इतर आरक्षणांना जागेएवढा टीडीआर मिळत असताना हा आकडा मालकांच्या जिव्हारी लागला. उतारावर एरवीही फारसे बांधता आले नसते, हा समर्थकांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. बांधकामबंदी तर हवीच होती. टेकड्या गेल्या की पाणी मुरायचे कुठे? पण हा मोबदलाही जमीन महापालिकेच्या हवाली केल्यावरच मिळणार होता. ती न देता झाडे जगवणारा मालक या हिशेबात बसलाच नाही.

मिळकतकराचा कायदा म्हणजे १९४९ चा महापालिका अधिनियम. करमाफीच्या यादीत प्रार्थनास्थळे आहेत, धर्मादाय वापर आहे. निसर्ग राखण्यासाठी ठेवलेली खासगी जमीन नाही. पुढे पुण्यात सोलर, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत प्रकल्प करणाऱ्या मिळकतींना ५ ते १० टक्के सूट मिळू लागली. ती इमारतींना. शेतीकडे लागलेल्या टेकडीला किरकोळ शेतसारा, पण तिचे प्लॉट पडले की मोकळ्या जागेची आकारणी.

गुंठेवारीत विकलेल्या तुकड्यावर पत्र्याची खोली उभी राहिली की तिला कर लागतो. कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. तरीही तीच पावती पुढे वीजजोडासाठी, विक्रीसाठी दाखवली जाते. टेकडी फोडणाऱ्याच्या हाती निदान एक कागद येतो. राखणाऱ्याच्या हाती तोही नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

२०२५ मध्ये बीडीपी आणि डोंगरमाथ्यांच्या फेरविचारासाठी राज्याने अभ्यासगट नेमला. त्यानंतरही वाद पुन्हा किती टक्के बांधकाम आणि किती टीडीआर यावरच रंगला. करमाफीच्या यादीत बदल करायचा तर तो राज्याच्या कायद्यातच करावा लागेल.